नको असलेली रजा

बादल्यांच्या कारखान्यात नव्याने लागलेल्या कडीवाल्याला रजा मागायची होती, पण मिळायला नको होती. हे ऐकून कुणी कपाळावर हात मारून घेईल, तर त्याने थोडा दम धरावा. माणूस सरळ असता तर गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

त्याचं काम बादलीला कडी बसवण्याचं. साच्यातून निघालेली बादली पट्ट्यावरून थंड होत होत त्याच्यापुढे यायची, तो कडीची टोकं तिच्या कानांत अडकवायचा आणि पुढे लेबलवाल्या मावशींकडे ढकलायचा. या कामाला डोकं लागत नाही. त्यामुळे डोकं दिवसभर रिकामं, आणि त्या रिकाम्या डोक्यात एकच गोष्ट घण घालत होती: उद्या बाबांचं लग्न.

हो, बाबांचंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबा निवृत्त होऊन घरी बसले आणि त्यांच्या शर्टांची बटणं भराभर तुटायला लागली. कोपऱ्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई ती लावून द्यायच्या. एका माणसाची इतकी बटणं तुटतात कशी, हा प्रश्न पोराला पडायला हवा होता. पण तो पडला तेव्हा बाबांनी नोंदणी कचेरीत जाऊन तारीखसुद्धा घेतली होती.

"साक्षीदार म्हणून तूच हवास," बाबा म्हणाले.

कडीवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई चांगल्या होत्या, तक्रार काहीच नव्हती. पण त्याच्या वयाची माणसं स्वतःच्या लग्नाला उभी राहतात, आणि हा वडिलांच्या उभा राहणार! तोंडावर नाही म्हणायची छाती नव्हती, म्हणून तो म्हणाला, "रजा मिळायची नाही, बाबा. नवीन आहे ना मी."

"विचारून तर बघ."

न विचारताच 'नाही मिळाली' म्हणून सांगता आलं असतं. पण तेवढा प्रामाणिकपणा त्याच्यात शिल्लक होता, आणि त्यानेच घात केला.

त्या खात्यात किरकोळ रजा मागायची रीत जगावेगळी होती. अर्ज-बिर्ज नंतर. आधी चहाच्या सुट्टीत पालथ्या बादलीवर उभं राहून सगळ्यांसमोर कारण सांगायचं. एक माणूस आला नाही की त्याच्या बादल्या बाकीच्यांच्या गळ्यात पडतात, तेव्हा ज्यांच्या गळ्यात पडणार त्यांनीच हो म्हणायला हवं, असा साधा हिशोब. कारण पटलं की सगळ्यांनी बादल्या बडवायच्या. नाही पटलं तर चहात डोकं घालून बसायचं. मग फोरमन निकाल द्यायचा. त्याला सगळे भोंगा म्हणत, कारण मशीन चालू असतानाही त्याची कुजबुज गेटपर्यंत ऐकू जायची.

कडीवाला बादलीवर चढला आणि त्याने मुद्दाम सगळ्यांत शिळं कारण काढलं. "उद्या माझं पोट दुखणार आहे."

साचेवाले काका गहिवरले. "याच पोटावर मी इतकी वर्षं रजा काढल्या," ते म्हणाले. "आजकाल पोटाला विचारतो कोण?" आणि त्यांनी बादली बडवली. मागोमाग सगळ्यांनी.

कडीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. "नाही, नाही! पोट ठीक आहे. मला नुसतं झोपायचंय."

"खरं बोलणारा माणूस!" बादल्या आणखी जोरात वाजल्या.

"खरं सांगायचं तर मला काही कारणच नाही!"

"याला म्हणतात किरकोळ रजा!" भोंगा खूश होऊन ओरडला, आणि गेटवरचा रखवालदार दचकून उठला.

"अहो, पण मी नवीन आहे! नव्याला कसली रजा?"

आता मात्र भोंगा दुखावला. "कुणी सांगितलं तुला? महिना भरला की नव्यालाही एक सीएल. कायम व्हायची वाट बघायची नाही. त्यासाठी आम्ही साहेबांशी भांडलो, कँटीनचा चहा सोडला. थेंबालाही शिवलो नाही! आणि तू आम्हालाच विचारतोस, कसली रजा?"

कडीवाल्याचा धीर सुटला. "उद्या माझ्या बाबांचं लग्न आहे, आणि मला जायचं नाहीये! पाया पडतो तुमच्या, पण रजा नाकारा!"

काकांना हसू फुटणार होतं, पण मावशींनी त्यांच्याकडे असं काही बघितलं की त्यांनी ते बिस्किटाबरोबर गिळलं.

"मग साक्षीला कोण?" मावशींनी विचारलं.

"मी नाही आलो तर तिथल्या शिपायाला विनंती करीन म्हणाले."

"पोटचा पोरगा असताना शिपाई?"

"शिपाईसुद्धा चांगला असू शकतो," काका पुटपुटले. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

भोंग्याने सगळ्यांकडे पाहिलं. एकेकाने चहात डोकं घातलं. एकही बादली वाजली नाही. "नामंजूर," तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा आवाज शेजारच्यालाही नीट ऐकू गेला नाही. "झालं तुझ्या मनासारखं. जा, सांग बापाला."

सुटलो, असं त्याला वाटायला हवं होतं. पण कचेरीतल्या टेबलापाशी कुणा परक्या माणसाला 'जरा सही करता का?' म्हणून विचारणारे बाबा त्याला दिसायला लागले. स्वतःचीच भयंकर लाज वाटली. सुट्टी संपल्याची घंटा झाली, सगळे उठले, तरी हा आपला बादलीवरच.

"पुन्हा मागू का?" त्याने विचारलं.

"कारण?" मावशी म्हणाल्या.

"माझ्या बाबांचं लग्न आहे. साक्षीला मी हवाय."

काकांनी इतक्या जोरात बडवली की बादली फुटली.

संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा बाबा जमिनीवर बसून बुटांना पॉलिश करत होते. त्याला दारात पाहताच त्यांनीच बोलून टाकलं, "नाही ना मिळाली? चालायचंच. नवीन नोकरी आहे. मी तिला कालच सांगून ठेवलंय, रजा असती ना, तर तो पळत आला असता."

"मिळाली," तो म्हणाला.

बाबांचा हात थांबला. "कारण काय सांगितलंस?"

"खरं तेच."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

बाबांनी हातातला बूट पुन्हा घासायला घेतला. मग वर न बघताच म्हणाले, "आण तुझेही बूट."