हुद्द्यानिशी

आमच्या यानाचं नाव भीमथडी. खरं यान नव्हे. बारामतीत कॉलेज सुटल्यावर आम्ही चौघं कागद, पेन्सिली आणि फासे घेऊन अंतराळाचा एक खेळ खेळतो, त्यातलं. प्रत्येकानं एक माणूस व्हायचं आणि त्याच्या तोंडून बोलायचं. मी, स्वरूपा, यानावर संकटं आणते. ते तुला जन्मतःच जमतं, असं आई म्हणते. पायल यानावरची डॉक्टर, इंद्रजित इंजिनाकडचा हवालदार आणि धम्मदीप कप्तान.

हुद्द्यांचे नियम धम्मदीपनं आणले. त्याचे वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत, त्यांच्याकडून. हुकूम मिळाला की घेणाऱ्यानं उभं राहून हुद्द्यानिशी उत्तर द्यायचं, होय, कप्तान साहेब. हुद्दा गाळला तर हुकूम पोचलाच नाही असं धरायचं. इंद्रजितला हे फार आवडायचं. बारामतीत तो खुर्ची मागं पाडून सलाम ठोकायचा.

मग त्याचा पाय मोडला आणि एका रविवारी दुपारी आम्हीच खेळ घेऊन कळंबला त्याच्या घरी गेलो. धम्मदीपही कळंबचाच. पण एकाच गावात वाढूनही तो या अंगणात पहिल्यांदा येत होता, हे मला तिथं पोचल्यावर कळलं.

इंद्रजितचे वडील हिंदुराव ओसरीत बाजेवर बसले होते. माणूस अगत्याचा. चहा झाला, भाजलेल्या शेंगा आल्या. मला आणि पायलला त्यांनी ताई म्हटलं. धम्मदीपला म्हणाले, “तू साह्याचा न्हवं? बस की.”

धम्मदीपच्या वडिलांचं नाव साहेबराव. त्यातला साहेबही गेला आणि रावही गेला, आणि ते हिंदुरावांपेक्षा वयानं मोठे. हिंदुरावांच्या मनात वाईट काही नव्हतं. सवयीनं बोलले. मला त्या सवयीचाच जास्त राग आला.

आम्ही ओसरीतच टेबल ओढून खेळायला बसलो. मी यानाला भोक पाडलं. हवा निघून चालली होती आणि पायल फुटलेल्या कोठीत अडकली होती. इंजिनाकडून झडप बंद झाली तरच ती वाचणार. मी मोबाईलवर गजर लावला आणि सांगितलं, हा वाजला की डॉक्टर मेली.

“हवालदार, झडप बंद करा,” धम्मदीप म्हणाला.

इंद्रजितनं वडिलांकडं पाहिलं. हिंदुराव शेंगा सोलायचे थांबले होते.

“बरं,” इंद्रजित म्हणाला.

मी सांगितलं, हुकूम पोचला नाही. मग तो करतो की म्हणाला. तेही चालणार नव्हतं. मग हसत प्लॅस्टर दाखवून म्हणाला, उभा कसा राहू? बसून म्हण, मी म्हटलं, पण हुद्द्यानिशी म्हण. त्यावर तो प्लॅस्टरची कड नखानं खरवडत बसला.

पायल मला डोळ्यांनी विनवत होती की सोड आता. धम्मदीपनं कागदावरून मान वर केली नाही. त्याचे कान लाल झाले होते. डॉक्टर मेली असती तर पुढच्या रविवारी दुसरी आणता आली असती. पण धम्मदीप परत कधी आमच्यात कप्तान होऊन बसला नसता. बारामतीत मिळालेला मान कळंबला परत घेतला जात होता.

“हवालदार, झडप,” तो पुन्हा म्हणाला. या वेळी आवाज बारीक होता.

तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. साहेबराव मुलाला न्यायला आले होते. ते बाहेरच उभे राहिले.

“ये रं साह्या, आत ये,” हिंदुरावांनी हाक मारली.

साहेबराव अंगणात आले, आणि इंद्रजित टेबलाची कड धरून एका पायावर उठला.

“व्हय, साहेब.”

साहेबरावांच्या टाचा जागच्या जागी जुळल्या. मग त्यांनी मागं वळून पाहिलं, आपल्या पाठीमागं कोण साहेब आलाय म्हणून. मागं कुणी नव्हतं.

“कुणाला म्हनला रं?” हिंदुरावांनी विचारलं.

इंद्रजितला घाम फुटला होता. तिथंच सोडून द्यावं असं मला फार वाटलं. पण मी म्हटलं, “हुद्दा राहिला.”

त्यानं धम्मदीपकडं तोंड केलं. “व्हय, कप्तान साहेब. झडप बंद केली.” मग अंगणाकडं वळून म्हणाला, “या, सुभेदार साहेब. वर या.”

गजर वाजला. पायलनं तो बंद केला. हिंदुराव उठले, शेंगांचं ताट तिथंच ठेवून आत गेले. बाज रिकामी झाली.

इंद्रजितचा पाय थरथरत होता. धम्मदीपनं पहिल्यांदा मान वर केली. “हवालदार, बसा.”

“आधी सुभेदार साहेब बसतील, कप्तान साहेब.”

साहेबरावांनी रिकाम्या बाजेकडं पाहिलं. मग चपला काढून ओसरीवर आले आणि बाजेच्या कडेला टेकले. त्यानंतर इंद्रजित बसला.