कबागेनीची माफी

"आधी ते पाय झाका, मग माझ्या लेकीच्या लग्नाच्या कापडाला हात लावा," असं म्हणून त्या बाईने पुढे केलेलं कापड परत छातीशी धरलं.

रुसोकेने शिलाई मशीनच्या पायडलवरून पाय मागे घेतले. दोन्ही घोट्यांवर जांभळ्या-काळ्या गाठी उठल्या होत्या, एखादी फुटून चिघळायची. डोंगरपायथ्याच्या, चहाच्या मळ्यांमधल्या त्या गावात असल्या गाठींचा अर्थ शाळकरी पोरंही सांगत. एड्स. असे डाग आलेली कितीतरी माणसं गावाने पुरली होती.

"नातवंडं खेळवायच्या वयात चाळे सुचले," बाई जाता जाता शेजारच्या दुकानदाराला ऐकू जाईल अशी म्हणाली.

त्याच आठवड्यात रुसोकेची बायको कबागेनी गाठोडं बांधून भावाकडे निघाली.

"अराली," ती म्हणाली. हे त्याचं लाडाचं नाव. रागातही तिच्या तोंडून दुसरं निघेना. "कोण होती ती?"

"कोणी नाही गं. तपासून आलो ना? रक्तात काही नाही म्हणाले."

"मग पायांवर हे काय उगवलंय?"

"तुझंही रक्त तपासलं. त्यातही काही नाही."

"ती देवाची कृपा. तुमची करणी नव्हे."

आणि ती गेली.

राजधानीच्या मोठ्या इस्पितळात एका तरुण डॉक्टरणीने त्याच्या गाठी दाबून पाहिल्या, एकीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवाल आला तेव्हा त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"आजोबा, रक्तवाहिन्यांना आतून अस्तर असतं ना, त्याच्या या गाठी. कर्करोगच, पण चाल संथ. एड्स झालेल्यांना होतो, ते खरं. पण तो रोग जन्मायच्या आधीपासून आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या पायांवर हा येतोय. तुम्हाला एड्स नाही."

"हे माझ्या बायकोला सांगाल, बाई?"

"घेऊन या. सांगते की."

कबागेनी आली नाही. तिच्या भावाने निरोप धाडला, "शहरातल्या डॉक्टरणीला पढवायला कितीसा वेळ लागतो?"

इंजेक्शनांनी रुसोके वाळून काटकी झाला, पण गाठी बसत गेल्या. शेवटी नुसते काळपट डाग राहिले. तो परत मशीनवर बसला तेव्हा गावाने समाधानाने मान डोलावली, "एड्सच्या गोळ्या लागू पडल्या म्हाताऱ्याला!" गिऱ्हाईकं परतली. कापड न देता गेलेली ती बाईही आली. "होतं हो, पुरुषाची जात," ती म्हणाली आणि लेकीच्या बाळाचं झबलं शिवायला टाकून गेली. आधी रुसोके प्रत्येकाला खरा रोग कोणता ते सांगत बसे, मग त्याने सोडून दिलं.

एका दुपारी कबागेनी अंगणात येऊन उभी राहिली. डोक्यावर गाठोडं होतं.

"मी तुम्हाला माफ करायला आलेय."

"कशाबद्दल?"

"ते तुम्ही सांगायचं. एकदा खरं बोला, मी हे आत ठेवते. नाहीतर आल्या पावली परत जाते."

रुसोकेने मागे वळून घराकडे पाहिलं. ती गेल्यापासून चूल धड पेटली नव्हती. कोपऱ्यातल्या तिच्या चटईवर उंदरांनी नाचणीचा भुसा पसरला होता.

"होती एक," तो म्हणाला. "मळ्यात पानं खुडायला यायची. मेली आता."

त्याला वाटलं, ही आता आकाशपाताळ एक करणार. पण कबागेनी गाठोड्यासकट खाली बसली आणि ढसाढसा रडली. मग डोळे पुसून उठली, आत जाऊन तिने चूल पेटवली. पाणी तापलं तशी पसरट भांडं घेऊन आली आणि त्याचे पाय ओढून मांडीवर घेतले. कितीतरी दिवसांत कोणी ते पाय हातात धरले नव्हते.

"लपवलंत, तेवढंच दुखलं मला, अराली. दिसायला कशी होती?"

रुसोकेला दुसरी बाई ठाऊकच नव्हती, वर्णन आणणार कुठून? ठाऊक होती तीच त्याने सांगितली. उंच. चाल जराशी फेंगडी. हसताना मान वळवायची. डोक्यावर भरली टोपली असली तरी तिला हात लावायची नाही. लग्नाच्या वर्षी कबागेनी अशीच होती.

ती डागांवरून ओलं फडकं फिरवत सगळं ऐकत होती.

"असल्या फेंगडीसाठी!" ती म्हणाली आणि भांड्यातलं पाणी अंगणात भिरकावून दिलं.