तांब्याची तार

कुवेतमध्ये फौजा शिरल्या त्या श्रावणात माझ्या यजमानांची पत्रं बंद झाली. कृष्णनाथ तिथे गॅरेजात कामाला होते. वाळवंट ओलांडून जे छावणीत पोचत, त्यांची नावं एक परदेशी केंद्र दिवेलागणीला शॉर्टवेव्हवर हिंदीतून वाचायचं. आमच्या केरी गावात समुद्रावर वीज चमकली की रेडिओत नुसत्या लाह्या फुटायच्या. आवाज वर यायचा, की पुन्हा बुडायचा. मामंजी म्हणायचे, "आज हवा बरी नाय."

माडावरून खिडकीत आणलेल्या तारेचं टोक मी ओल्या हाताने धरलं, की मात्र आवाज उघडायचा. त्या वेळी मी न्हाऊन सोवळ्यात असायचे, आणि देवाची आरती होईपर्यंत माझं मौन. सोवळ्यात तार धरावी का, याचा निवाडा सासूबाईंनीच केला. "तांब्याची मां ती? देवाच्या ताम्हनाक तांबा चलता, तर तुका कित्याक नाय?"

चवथीच्या दुसऱ्या दिवशी आरतीवाले घरोघर फिरत नेमके त्याच वेळी आले. मामंजींनी थांबा म्हणून हात वर केला. आरतीत वाजवायचं मातीचं घुमट काखेत घेऊन शेजारचा धाकू म्हणाला, "दादानु, गणपतीच्या आधी रेडिओक पाट मांडलात काय?"

"गप रे! तुझ्या घुमटापरास बरो वाजता तो."

सगळे हसले आणि मग गप्प झाले. झांजासुद्धा मुठीत धरल्या. मी तार घट्ट धरली.

"लाटंबार्शेचे गोकुळदास..." हे यजमानांच्याच खोलीत राहणारे! सासूबाईंनी पदर तोंडाशी नेला. पुढचं नाव सुरू झालं आणि आवाज खाली गेला. खोल, खोल. वर आला तेव्हा मडगावच्या कुणाचं नाव चाललं होतं.

"इला!" धाकू ओरडला. "कृष्णनाथाचा नाव इला! दोघा एकत्रच आसतली ना?"

घुमट कडाडलं. सासूबाई रडत रडत टाळ्या वाजवू लागल्या. मामंजींनी माझ्याकडे पाहिलं आणि रेडिओ बंद केला. त्यांनीही ऐकलं नव्हतं.

पुढे दसऱ्याच्या सुमाराला गोकुळदास आमच्या दारात उभे राहिले. हातात यजमानांची बॅग. वाळवंटातच ताप चढला, म्हणाले. छावणी दिसत होती, वहिनी.

सासूबाईंनी बॅगेला हातही लावला नाही. "पण रेडिओर नाव इला होता ना?"

 मामंजी जमिनीकडे बघत म्हणाले, "त्या दिसा हवा बरी नाय होती गो."

त्या संध्याकाळी घरात देवाला दिवा लावायचा नव्हता. सुतक. मी ओसरीवर बसून होते. आत रेडिओची खरखर सुरू झाली. सासूबाईंनी खिडकीतून हाक मारली.

"सूनबाये, ये. तार धर."

मी उठले. हात ओले केले आणि तार धरली.