शिक्का न उठणारा कागद

मी विम्याचा कागद बोलतोय. आवाज जरा दबका येईल. इतकी वर्षं प्लास्टिकमध्ये काढली आहेत.

करवतीच्या कामात हाताचा भरवसा नाही, असं सांगून एजंटाने सुताराला माझ्यावर सही करायला लावली. सुताराच्या बायकोने मला लगेच कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊन लॅमिनेशन करून आणलं. "आता तेल सांडो की पाणी, याला काही होत नाही," ती म्हणाली. मी कपाटात रुबाबात राहू लागलो.

सहा वर्षांनी करवत निसटली. सुताराच्या उजव्या हाताच्या शिरा तुटल्या. तीन महिन्यांत ऑपरेशन झालं तर मूठ वळेल, नाहीतर बोटं कायमची ताठ, असं डॉक्टरांनी सांगितलं. बायकोने मला बाहेर काढलं, तर माझ्या कंपनीचंच दिवाळं निघालेलं! इथल्या कचेरीला कुलूप. दावे आता परराज्यातल्या मुख्य कचेरीत, कोर्टाने नेमलेल्या साहेबांकडे, आणि तेही मूळ कागद दाखवून, महिनाअखेरपर्यंत.

चौदा तास बसमध्ये मी तिच्या मांडीवर होतो, सुतार शेजारच्या सीटवर. शेवटच्या तारखेला दुपारी आमचा नंबर लागला.

खिडकीतला कारकून माणूस बरा होता. त्याने सहीशेजारी नोंदीचा शिक्का मारला. शाई घसरली. पुसून पुन्हा मारला, पुन्हा तेच.

"ताई, शिक्का उठल्याशिवाय नोंद होत नाही," तो म्हणाला. "प्लास्टिक काढून आणा. पाचपर्यंत आहे मी."

बाहेरच्या बाकावर तिने नखाने माझी कड उचलली. थांब बाई, असं मला ओरडावंसं वाटत होतं, पण कागदाचं कोण ऐकतो? प्लास्टिक निघालं आणि त्याला चिकटून सुताराची सहीही गेली.

कारकुनाने मला उलटसुलट करून पाहिलं. "यावर सही नाही," तो म्हणाला.

"पुन्हा करतो की," सुतार घाईने म्हणाला. त्याने उजवा हात पुढे केला. पेन बोटांतून घरंगळून खाली पडलं.

पाच वाजता खिडकी बंद झाली.

आता मी पिशवीत दोन तुकड्यांत पडून आहे. ती रोज मला काढते, सही चिकटलेलं प्लास्टिक कागदावर ठेवून जुळवते आणि म्हणते, "अहो, मीच घालवलं हो सगळं." तो डाव्या हाताने तिच्या पाठीवर थोपटतो. तुम्ही तरी तिला बोल लावू नका. माझ्या कंपनीपेक्षा तिनेच मला जास्त सांभाळलं.