पुढून आणि… ते आपलं

"काय काय करायला लावतील, नेम नाही," संडासाच्या बंद दारामागून जस्टीना पुटपुटली.

मी बाहेर तिचा कोट मांडीवर घेऊन बसले होते. सून माझी, दिवस भरत आलेले. तिच्या हातात तपासणीची कापसाची काडी. दिली होती आगाथाने. दवाखान्यातली नर्स, माझी नणंद, आणि रविवारी चर्चमध्ये आम्हा दोघींच्या मध्ये उभी राहून गाणारी.

"दोन्हीकडून फिरवायची," ती म्हणाली होती. "आधी पुढून, आणि मग… ते आपलं… कळलं ना?"

जस्टीनाने मान डोलावली. आमच्या इकडच्या, कॅनडातल्या मॅनिटोबाच्या बाया अडलेल्या गाईच्या आत कोपरापर्यंत हात घालतात, पण आपल्यालाही मागची बाजू आहे हे कबूल करायचं म्हणजे मरण.

समोर तक्ता लावला होता, तो मी वाचत बसले. ही तपासणी ज्या जंतूंसाठी, ते बाईला त्रास देत नाहीत; पण बाळंत होताना बाळाला लागले, तर रक्तात, मेंदूत शिरतात. प्रयोगशाळेत काडीवरचे जंतू वाढवून बघतात. सापडले, तर कळा सुरू झाल्यावर सलाईनमधून औषध देतात. आणि जंतूंचं मूळ बिऱ्हाड असतं मागच्या बाजूला.

जस्टीना फारच लवकर बाहेर आली.

"दोन्हीकडून?"

"हो म्हटलं ना, आई." कानाच्या पाळ्या लालबुंद. मी कोट पुढे केला. सुनेला असलं काय विचारायचं?

रस्त्यावरच्या बर्फाचा चिखल झाला तेव्हा कळा सुरू झाल्या. माझा मुलगा दवाखान्यात बाहेर कॉफीच्या यंत्राशी झटापट करत होता. आत आम्ही तिघी.

"रिपोर्ट स्वच्छ आहे हो," आगाथा म्हणाली. "औषधाची गरज नाही. सुईचा त्रास वाचला पोरीचा." आणि सलाईनचा स्टँड कोपऱ्याकडे ढकलू लागली. एक चाक कुरकुरत होतं.

जस्टीनाने माझ्याकडे पाहिलं. मी विणकामाकडे.

"मी सांगितलं होतं तसंच घेतलं होतंस ना?" आगाथाने सहज विचारलं, तेही चादरीकडे बघत.

"हो, आत्या."

"तू सांगितलं तरी काय होतंस," मी सुयांकडे बघत म्हणाले.

"सांगितलं की. पुढून, आणि…"

"आणि?"

आगाथाचा चेहरा बीटासारखा झाला. माझाही झाला असावा, गालांना धग लागत होती. पन्नाशी उलटलेल्या दोन बाया, पोरंबाळं झालेल्या, आणि एक शब्द पुढे सरकेना. स्टँड भिंतीला टेकला.

कळ आली. जस्टीनाने माझं मनगट करकचून धरलं, कळ ओसरेपर्यंत सोडलं नाही. मग छताकडे बघत म्हणाली,

"ढुंगणातून नाही घेतलं मी, आत्या. मला लाज वाटली. आण ते सलाईन इकडे."