अप्पांच्या खोलीतला उजेड

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे, पण तुम्ही ज्याला दिवा म्हणता तसा गोल, गुबगुबीत मी नाही. ॲल्युमिनियमच्या लांब पट्टीवर ओळीने चिकटवलेले बारीक बारीक एलईडी, बहुतेक पांढरे आणि मधूनमधून लाल, असे माझे रूप. आता माझे एक टोक काळवंडले आहे. ते असे कशाने झाले, ते तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. त्या घरात तिघे राहत. अप्पा, त्यांची थोरली सून आणि धाकटा मुलगा. थोरला मुलगा बोटीवर नोकरीला होता, तो वर्षाकाठी कधीतरी दिसे. अप्पांनी सारा जन्म सार्वजनिक बागेत माळीकाम केले होते. पुढे त्यांच्या पायांतले बळ गेले आणि ते तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत पलंगाला खिळले. खोलीला खिडकी होती, पण हात बाहेर काढला तर शेजारच्या इमारतीच्या भिंतीला लागावा, इतकीच मोकळी जागा. भर दुपारीसुद्धा तिथे पाणी घातलेल्या दुधासारखा उजेड येई.

अप्पांनी हौसेने कुंडीत टोमॅटोचे बी टाकले. रोपे आली खरी, पण उजेडासाठी माना ताणून ताणून ती सुतासारखी बारीक झाली आणि एकेक करून आडवी पडली.  अप्पांनी भिंतीकडे तोंड केले. ताटातले अन्न ताटातच राहू लागले.

सून उपकरणे दुरुस्त करणाऱ्या दुकानात कामाला होती. तारा जोडायची झाळणी म्हणजे तिच्या हातचा मळ. तिने जुन्या सरकत्या खिडकीची ॲल्युमिनियमची पट्टी आणली, ती स्पिरिटने पुसली आणि एलईडीची फीत तिच्यावर अंगठ्याने दाबून दाबून चिकटवली. फितीवर कात्रीची खूण असते, नेमकी तिथेच कापली. लाल तार अधिकच्या ठिपक्याला, काळी तार उण्याच्या ठिपक्याला. प्रत्येक जोड झाळला, ओढून पाहिला आणि त्यावर तापवली की आकसणारी प्लास्टिकची नळी चढवली. ॲडॉप्टर मात्र तिने माझ्या भुकेपेक्षा मोठा निवडला.

"एवढा दांडगा कशाला, वहिनी?" दिराने विचारले. सगळ्याच कामांची त्याला घाई, म्हणून घरात त्याला झटपट म्हणत.

"बैल ओढू शकेल तेवढं सगळं ओझं गाडीत घालायचं नसतं, भाऊजी. चढ लागला की बैल बसतो."

ॲडॉप्टर तिने भिंतीवर उंच, पाण्यापासून लांब बसवला. मला फळीच्या वर टांगले आणि बटण दाबले. अप्पांनी हळूच भिंतीकडून तोंड वळवले.

"सूर्य आणलास की गं घरात!" ते म्हणाले.

ते माझे सोन्याचे दिवस होते. माझ्याखाली टोमॅटो, मिरची, कोथिंबीर सगळे तरारून आले. रोपांचे देठ असे दणकट, की अप्पा बोटाने टिचकी मारून पाहत आणि स्वतःशीच हसत. त्यांना भूक लागू लागली. शेजारपाजारचे लोक रोपे मागायला येत आणि जाताना माझ्याकडे बघून "वा!" म्हणत. रोज संध्याकाळी सून मला आणि ॲडॉप्टरला पालथा हात लावून बघे. "कोमट आहे, ठीक आहे," एवढेच म्हणे आणि स्वयंपाकाला लागे.

मग तिच्या आईचे ऑपरेशन ठरले आणि तिला माहेरी जावे लागले. जाताना ती दिराला म्हणाली, "अप्पांची औषधं आणि दिवा, दोन्हींकडे लक्ष ठेवा." झटपटने मान डोलावली. खोटी नव्हे हो, अगदी मनापासून.

मित्रांनो, वाईट माणसाने केलेले नुकसान सांगायला सोपे असते. झटपट वाईट नव्हता. रोपांना जागा पुरत नाही म्हणून अप्पा हळहळत होते, ते त्याने ऐकले. दुसऱ्याच दिवशी तो एक नवी लाकडी फळी आणि कुणीतरी काढून टाकलेली एलईडीची फीत घेऊन आला.

"वहिनी येऊ दे रे," अप्पा म्हणाले.

"दोन तारा पिळायला काय मुहूर्त काढायचाय, अप्पा?"

त्याने माझ्या शेपटाकडच्या तारा सोलल्या, नव्या फितीच्या तारांना बोटांनी पीळ दिला आणि वर काळी टेप गुंडाळली. झाळणी कपाटातच राहिली. नव्या फळीपर्यंत वायर पोचेना, म्हणून ॲडॉप्टर भिंतीवरून काढून खालच्या फळीवर, काथ्याच्या भुशाने भरलेल्या पोत्याला टेकवून ठेवला. तो कोरडा भुसा कुंड्यांत घालायचा होता. बटण दाबले आणि दोन्ही फळ्या उजळल्या. अप्पांनी टाळ्या वाजवल्या. झटपटची छाती फुगली.

माझ्या अंगातून मात्र काहीतरी वेगळेच वाहू लागले होते. दुप्पट उजेडाचे ओझे माझ्याच तांब्यातून पुढे जात होते. दूरचे टोक मंद जळे, आणि मधला पिळलेला जोड तापे. ॲडॉप्टर आता बारीक आवाजात गुणगुणू लागला. पोत्याचा जो भाग त्याला टेकला होता, तो हळूहळू तपकिरी होत चालला होता. ते मला दिसत होते, पण मला तोंड नव्हते. मला येत होते ते एकच, लुकलुकणे. मी लुकलुकू लागलो.

"हा डोळे मिचकावतोय रे," अप्पा म्हणाले.

झटपटने येऊन माझ्या पाठीत एक चापट मारली. सैल जोड क्षणभर नीट बसला आणि मी स्थिर झालो.

"बघा! फटका बसला की सगळे सरळ होतात."

दोघेही हसले.

पुढे वास येऊ लागला. सडलेल्या मासळीसारखा, घशाला धरणारा. तापलेले प्लास्टिक असा वास सोडते. झटपटला वाटले, खताचा असेल. त्याने खिडकी उघडली. त्या संध्याकाळी वहिनीचा फोन आला. अप्पांनी तो कानाला लावला आणि माझ्याकडे पाहिले. "सूनबाई, या दिव्याचं जरा..." एवढेच ते बोलले. झटपट समोर उभा होता, त्याचा चेहरा एकदम उतरला. अप्पांनी तो पाहिला आणि वाक्य फिरवले. "दिव्याचं जरा कौतुकच चाललंय सगळीकडे. तू आईला सांभाळ."

त्यानंतर मी जितका लुकलुकलो, तितक्या चापटा खाल्ल्या.

एके दुपारी झटपट कामावर होता. अप्पांचा डोळा लागला होता. ॲडॉप्टरची गुणगुण एकाएकी वाढली, आणि पोत्यातून धुराची एक बारीक रेघ वर आली. ज्वाळा नव्हती. भुसा आतल्या आत धुमसत होता, दबक्या पावलांनी. धूर वर चढला, माझ्याभोवती जमला आणि मी त्यातून वेड्यासारखा उघडझाप करू लागलो. माझा उजेड अप्पांच्या पापण्यांवर आपटत होता. उठा, अप्पा, उठा!

ते खोकत उठले. सवयीने त्यांचा हात उशाशी ठेवलेल्या पाण्याच्या फवाऱ्याकडे गेला. मग तो थांबला.

"विजेवर पाणी नको," ते पुटपुटले.

त्यांनी स्वतःला पलंगावरून खाली लोटले. कोपरांवर सरपटत ते दाराजवळच्या बटणापर्यंत गेले, तिथे टेकवलेली काठी उचलली, दोनदा नेम चुकला, तिसऱ्यांदा बटण बंद झाले. मी विझलो. नेमक्या त्याच वेळी फळीने पेट घेतला.

शेजारच्या काकूंना अप्पांचा आरडाओरडा ऐकू आला. त्यांनी अप्पांना चादरीवर घेऊन फरफटत बाहेर काढले. घराचा मुख्य खटका पाडल्यावर लोकांनी बादल्या ओतल्या. रोपे जागच्या जागी काळी होऊन उभी होती.

अप्पा दवाखान्यातून परत आले, पण धूर त्यांच्या छातीतून काही निघाला नाही. आवाज घोगरा झाला, मग कुजबुज उरली. सून धावत आली होती. तिने राखेतून मला उचलले आणि वितळलेला जोड दिरासमोर धरला.

"वहिनी, मला फक्त अप्पांना खूश करायचं होतं."

"मला एक फोन करायचात, भाऊजी. एक फोन." तिचा आवाज चढला नाही, पण झटपट मटकन खाली बसला.

पलंगावरून अप्पांनी हात हलवला. "त्याला एकट्याला बोलू नकोस," ते कुजबुजले. "पान पिवळं पडलेलं मला दिसत होतं. पोराचं मन मोडेल म्हणून मी गप्प बसलो."

थंडी पडली आणि अप्पा गेले.

सुनेने माझा जळका भाग कापून टाकला, टोकाचा काळेपणा तेवढा राहिला. उरलेला तुकडा तिने दिराच्या पुढ्यात ठेवला, झाळणी त्याच्या हातात दिली आणि जोड नीट बसेपर्यंत त्याला पुन्हा पुन्हा झाळायला लावले. तो रडत होता आणि झाळत होता. मी आता पुन्हा जळतो, थोडासाच. माझ्याखाली एकच कुंडी असते. झटपटला आता कोणी झटपट म्हणत नाही. जेवताना मध्येच तो हात थांबवतो, हवा हुंगतो आणि ताटावरून उठून घरभर फिरून येतो. वहिनी त्याला अडवत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही कपाटामागे, गादीखाली, कुठल्यातरी कोपऱ्यात माझे भाऊबंद राबत असतील. त्यांना पोटापेक्षा जास्त ओझे देऊ नका. एखादा लुकलुकला तर चापट मारू नका, त्याला काय होतेय ते बघा. आणि कोणाच्या प्रेमापोटी किंवा भिडेपोटी बोलायचे टाळू नका. वस्तूला वाचा नसते. ती फक्त तापते, वास सोडते, लुकलुकते. तेवढ्यातच तिचे ऐकून घ्या. त्यानंतर ती जे बोलते, ते सगळ्या गल्लीला ऐकू जाते.