चंचलच्या अर्जातलं मरण

मित्रांनो, माझं झाकण दोन्ही हातांनी जपून उघडावं लागतं, कारण माझी एक बिजागरी तुटलेली आहे. मी एक जुना लॅपटॉप. वायर लावली तरच मला जाग येते. पण माझ्या पडद्यावर एकदा एक जिवंत माणूस मारला गेला होता. ती गोष्ट मी अजून विसरलेलो नाही.

मी कुठल्याशा दूरच्या कारखान्यात जन्मलो आणि खोक्यात बंद होऊन सावंगीला आलो. तिथल्या एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर मला बसवलं. गावोगावचे आजारी लोक येत आणि त्यांची नावं, वयं, दुखणी माझ्यात उतरत. खिडकीवर चंचल मडावी नावाची मुलगी होती. ती रोज मला फडक्यानं पुसायची, कळांमधली धूळ फुंकून काढायची. कार्यालयाच्या प्रमुख जयामॅडम म्हणायच्या, "ही पोरगी आणि हे मशीन, दोघंही थकत नाहीत." तेवढं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही. पुढे नवे लॅपटॉप आले, जुने विकायला काढले. चंचल नोकरी सोडून गावी निघाली होती. तिनं मला सोबत नेलं.

तिचं गाव कारंजा तालुक्यात, जंगलाला अगदी लागून. वडील गोमाजी आणि आई सुंदरा मोहफुलं, चारोळी गोळा करायचे, पावसाळ्यात थोडी शेती करायचे. चंचलनं गावातल्या बायांना जमवलं आणि चारोळी दलालाला न देता थेट नागपूरच्या मिठाईवाल्यांना विकायला सुरुवात केली. काम वाढलं तसं तिला वाटू लागलं, की धंदा नीट शिकायला हवा, आणि तोही मोठ्या बिझनेस स्कूलमध्ये. अर्ज कसा करायचा ते शिकवायला नागपूरचे अमर सर मिळाले. ते माझ्या पडद्यावर येत आणि गोड बोलत.

चंचलनं पहिला निबंध चारोळीवर लिहिला. अमर सरांनी तो वाचला आणि हसले.

"चांगलाय गं. पण चारोळीनं कोणाचे डोळे भरून येत नाहीत. हजारो अर्जांत तुझा लक्षात का राहावा? तुमच्याकडे वाघ आहे ना?"

"आहे, सर."

"घरातलं कोणी गेलंय वाघामुळे?"

"नाई."

"अगं, त्या स्कूलमधून बघायला कोण येणार आहे?"

चंचलनं चारोळीचा निबंध बंद केला. 

थंडीतल्या एका दुपारी तिनं ते लिहिलं. मोह वेचायला गेलेल्या वडिलांना वाघानं नेलं, असं इंग्रजीत. लिहिताना ती सारखी दाराकडे बघत होती. दाराबाहेर गोमाजी कुऱ्हाडीला नवा दांडा बसवत होते.

"काय लिहून राह्यली, माय?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याबद्दलच, बाबा."

"मंग चांगलं लिहिजो."

मित्रांनो, मी फक्त अक्षरं उमटवतो. त्या दिवशी मला ती उमटवायची नव्हती, पण यंत्राला नाही म्हणता येत नाही.

निबंध शिफारसपत्रासाठी जयामॅडमना गेला. त्यांनी तो वाचला, मनापासून शिफारस करून ती पाठवूनही दिली आणि मग राहवलं नाही म्हणून फोन केला. चंचल पाणी आणायला गेली होती. फोन माझ्या शेजारी चार्जिंगला होता. तो गोमाजींनी उचलला.

"चंचलच्या घरून का? मी जया, सावंगीहून. गोमाजींचं वाचलं. फार वाईट वाटलं हो. पोरगी एका शब्दानं बोलली नाही."

"काय झालं गोमाजीले?"

"वाघानं..." मॅडम थबकल्या. "आपण कोण?"

"मी गोमाजीच बोलून राह्यलो, बाई."

 पलीकडून फोन बंद झाला.

चंचल आली तेव्हा सुंदराबाई भिंतीला टेकून गोंडीत काहीतरी पुटपुटत होत्या. मग त्या मराठीत म्हणाल्या, "जित्या मानसाचं मरण तोंडातून काढत नाई कोणी. तुनं तं लिहून धाडलं!"

गोमाजी रागावले नाहीत. त्यांनी मला उचललं, चंचलपुढे ठेवलं आणि समोर मांडी घालून बसले.

"वाच. कसा मेलो मी, मले तं सांग."

एकेक वाक्य मराठीत करत तिनं वाचलं.  गोमाजी मान खाली घालून ऐकत होते. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मंग रडलं का कोणी?"

चंचलनं पडद्याकडे पाहिलं. निबंधात कोणीही रडलं नव्हतं.

"एका ओळीत मी मेलो, अन् दुसऱ्या ओळीत तू मोठी झाली," गोमाजी म्हणाले. "मधात कोणीच नाई?" ते उठले आणि कुऱ्हाड घेऊन बाहेर गेले.

चंचलनं अमर सरांना फोन लावला. "सर, तो निबंध पाठवू नका."

"अगं, अर्जाचा पासवर्ड दिलाच होतास ना? मी कालच भेजून टाकला. आता चूप राहा."

आणि ती गप्प राहिली. खरं काय ते बिझनेस स्कूलला कळवायला म्हणून ती कितीदा तरी माझ्यापुढे बसली, लिहिलं आणि पुसून टाकलं. त्याच दिवसांत ओढ्याच्या रेतीत वाघाचे ठसे दिसले. मग गावातला एक गोऱ्हा वाघानं नेला. गोमाजी जंगलात निघाले की सुंदराबाई मुलीकडे बघत राहायच्या.

मोह गळायला लागला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. ती माझ्यासमोरच, पडद्यावर होणार होती. त्या दिवशी गोमाजी पहाटेच मोह वेचायला गेले होते. ऊन चढलं, बाकीची माणसं घाईघाईनं परतली. ओढ्यात वाघ बसलाय, म्हणाली. गोमाजी कोणालाच दिसले नव्हते. सुंदराबाई अंगणात उभ्या होत्या. आणि माझ्या पडद्यावर तीन अनोळखी चेहरे उगवले.

त्यांतल्या एक वयस्कर बाई पुढे झुकून हळुवारपणे म्हणाल्या, "तुमच्या वडिलांबद्दल वाचलं. आम्हाला फार दुःख झालं."

चंचलनं दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. 

"माझे बाबा जिवंत आहेत," ती म्हणाली. ते खरं आहे की नाही, हे त्या क्षणी तिलाही ठाऊक नव्हतं.

"मग हे कोणी लिहिलं?"

"मीच."

अमर सरांचं नाव तिनं घेतलं नाही. थोड्याच वेळात ते चेहरे नमस्कार करून नाहीसे झाले. काळ्या पडद्यात एकटी चंचल उरली. ती उठली आणि धावत बाहेर गेली.

गोमाजी दुपार कलल्यावर आले. वाघाला टाळून लांबच्या वाटेनं, डोक्यावर मोहाची टोपली घेऊन. सुंदराबाईंनी टोपली हिसकावून घेतली, त्यांच्या छातीवर दोन बुक्क्या मारल्या आणि मोठ्यानं रडल्या. चंचल बाबांच्या पायाशी बसून रडत राहिली.

बिझनेस स्कूलचा नकार लवकरच आला. चंचलला त्याचं वाईट वाटलं नाही. जयामॅडम मात्र आता तिचा फोन उचलत नाहीत, ते तिला फार लागतं. पुन्हा अर्ज करायचाय म्हणते. पण गोमाजी जंगलात असले की तिच्या हातून एक ओळ होत नाही. ती माझं झाकण मिटते आणि दारात जाऊन उभी राहते.

मित्रांनो, माझं आयुष्य आता थोडंच उरलंय. मला पुसा, धुळीपासून जपा, एवढं तर मी मागेनच. पण त्याहून मोठं एक मागतो. ज्या माणसाबद्दल माझ्यावर लिहाल, त्याच्यासमोर मांडी घालून ते वाचता येईल का, हे आधी मनाला विचारा. येत नसेल, तर कळांवरून बोटं उचला. मी थांबेन. मला काही घाई नसते.